नेक्स्टक्लाउडची तयार सर्व्हर इमेज डेबियन १२ वरून १३ वर नेऊन रिलीज करायची आहे, काय काय तपासावं?

जोडणीकर

नेक्स्टक्लाउड (स्वतःच्या सर्व्हरवर फायली साठवून शेअर करायचं सॉफ्टवेअर) आधीच बसवून ठेवलेली व्हर्च्युअल मशीनची इमेज (डिस्कची तयार फाइल) आम्ही तिघं मिळून काढतो. उतरवा, सुरू करा, ब्राउझर उघडा, एवढंच काम. वापरणारे बहुतेक शाळा आणि छोटी ऑफिसं, म्हणजे टर्मिनलशी फारशी ओळख नसलेली मंडळी. शेवटची इमेज डेबियन १२ (लिनक्सचं एक वितरण) आणि नेक्स्टक्लाउड २८ ची आहे, आता डेबियन १३ आणि ३१ वर जायचंय.

सध्याची पद्धत अशी: मूळ व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) चालू करतो, अपडेट करतो, हिस्ट्री पुसतो, बंद करतो, क्यूकाउ२ फाइल (व्हीएमच्या डिस्कचा एक फॉरमॅट) कॉम्प्रेस करून त्याच नावाने सर्व्हरवर चढवतो. अडचणी पुढीलप्रमाणे.

१) एकाच नेटवर्कवर दोन प्रती चालवल्या की दोघींना एकच आयपी मिळतो. मॅक पत्ते (नेटवर्क कार्डांचे क्रमांक) वेगळे आहेत, तपासलेत.
२) रिलीजच्या दिवशी "चेकसम जुळत नाही" (म्हणजे फाइल शाबूत आहे का ते पडताळायचा आकडा चुकतो) अशा तक्रारी येतात आणि दुसऱ्या दिवशी आपोआप थांबतात.
३) व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी प्रॉक्समॉक्सवर चालते, व्हर्च्युअलबॉक्सवर नेटवर्कच येत नाही.
४) जुनी इमेज चालवणाऱ्यांना नेमकं काय सांगायचं?
५) नवी इमेज किती दिवसांनी काढावी?

बूट_लोडर

पहिल्याचं कारण मशीन-आयडी. सिस्टमडी (सगळ्या सेवा सुरू-बंद करणारी प्रणाली) चा नेटवर्क सांभाळणारा भाग सिस्टमडी-नेटवर्कडी डीएचसीपी (आयपी वाटणाऱ्या) सर्व्हरला जी ओळख सांगतो ती मॅकवरून नाही, /ईटीसी/मशीन-आयडी या फाइलमधल्या आकड्यावरून बनते. तुमच्या प्रत्येक प्रतीत तो आकडा एकच, म्हणून राउटरला सगळ्या प्रती म्हणजे एकच यंत्र वाटतं. इमेज बंद करण्याआधी ती फाइल रिकामी करा. फाइल ठेवायची, मजकूर काढायचा. /व्हार/लिब/डीबस मध्ये त्याच नावाची फाइल असेल तर ती सिमलिंकच आहे ना हेही बघा. वेगळी प्रत असेल तर जुना आकडा तिथून परत येऊ शकतो.

पण आयपी हे नुसतं दिसणारं लक्षण. खरी भीती न दिसणाऱ्या गोष्टींची आहे. प्रत्येक प्रतीत एकसारखं राहता कामा नये असं तुमच्या इमेजमध्ये किमान इतकं असणार:

- एसएसएच होस्ट-की, म्हणजे दुरून लॉगिन करताना सर्व्हर स्वतःची ओळख ज्यांनी पटवतो त्या. त्या सारख्या असतील तर इमेज उतरवणाऱ्या कुणाकडेही बाकी सगळ्यांच्या सर्व्हरची प्रायव्हेट-की आहे असा अर्थ होतो.
- स्नेकऑइल (आपोआप बनणारं, स्वतःच सही केलेलं) टीएलएस सर्टिफिकेट आणि त्याची की.
- /व्हार/लिब/सिस्टमडी/रँडम-सीड (यादृच्छिक आकड्यांचं बीज).
- मारियाडीबी डेटाबेसमधला नेक्स्टक्लाउडचा पासवर्ड.
- नेक्स्टक्लाउडच्या कॉन्फिग.पीएचपीमधले इन्स्टन्सआयडी, पासवर्डसॉल्ट आणि सीक्रेट.
- तुमच्यापैकी कुणाची तरी सार्वजनिक की /रूट/.एसएसएच/ऑथोराइज्ड_कीज मध्ये. ही हमखास राहते.

होस्ट-की नुसत्या पुसून चालत नाही. डेबियनमध्ये त्या पॅकेज बसवताना बनतात, दर बूटला नाही. पुसल्यात आणि नव्या बनवणारं कुणी नसेल तर एसएसएचडी "नो होस्टकीज अव्हेलेबल" म्हणून बंद पडतो आणि ग्राहक बाहेरच. इमेजमध्ये क्लाउड-इनिट (पहिल्या बूटला मशीनची मांडणी करणारं साधन) असेल तर तो हे काम करतो. नसेल तर पहिल्या बूटला एकदाच चालणारी छोटी सेवा लिहा, तिच्यात एसएसएच-कीजेन -ए आणि सर्टिफिकेटसाठी मेक-एसएसएल-सर्ट. सेवेच्या फाइलमध्ये "बिफोर" समोर एसएसएच.सर्व्हिस लिहायला विसरू नका, नाहीतर क्रम नशिबावर. (आज्ञा इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर रोमनमध्येच टंका.)

नेक्स्टक्लाउडच्या बाबतीत पुसापुशी करूच नका. इमेजमध्ये फक्त फायली ठेवा आणि ओसीसी (नेक्स्टक्लाउडची स्वतःची आज्ञा) मेंटेनन्स:इन्स्टॉल हे पहिल्या बूटला चालवा. रहस्यं तिथेच जन्मतात. ट्रस्टेड_डोमेन्समध्ये (परवानगी असलेल्या पत्त्यांच्या यादीत) मशीनचा आयपीही त्याच स्क्रिप्टमधून घाला, नाहीतर पहिल्याच पानावर अविश्वासू डोमेनचा इशारा दिसतो.

नीरा_काठ

वरच्या मशीन-आयडीच्या सल्ल्यात एक खोच आहे. फाइल रिकामी असेल तर सिस्टमडी नवा आकडा बनवतो खरा, पण त्या बूटला तो "पहिलं बूट" मानत नाही. पहिल्या बूटच्या सेवेत कुणी "कंडिशनफर्स्टबूट=येस" लिहिलं असेल तर ती सेवा कधीच चालणार नाही आणि होस्ट-कीही बनणार नाहीत. पहिलं बूट मानलं जातं ते फाइल मुळात नसेल तेव्हा, किंवा तिच्यात "अनइनिशियलाइज्ड" हा एकच शब्द असेल तेव्हा. क्लाउड-इनिटच्या नव्या आवृत्त्यांत क्लीन --मशीन-आयडी चालवलं की तो हाच शब्द लिहून ठेवतो.

लगेच तिकडे उडी मारू नका. पहिलं बूट आहे असं ठरलं की सिस्टमडी सगळ्या सेवांना प्रीसेट (मुळात चालू की बंद याचा नियम) लावतो. ज्या सेवेसाठी वेगळा प्रीसेट लिहिलेला नाही तिचा अर्थ "चालू" असा धरला जातो, आणि डेबियनमध्ये बहुतेक सेवा याच वर्गात मोडतात. म्हणजे तुम्ही इमेजमध्ये डिसेबल केलेल्या सेवा ग्राहकाकडे परत जिवंत. ज्या नकोच आहेत त्या डिसेबल न करता मास्क (पूर्ण कुलूपबंद) करा.

माझं मत विचाराल तर कंडिशनफर्स्टबूटच्या नादी न लागणं बरं. फाइल रिकामी ठेवा आणि स्वतःची खूण ठेवा: सेवेत "कंडिशनपाथएक्झिस्ट्स" समोर उद्गारचिन्ह लावून /व्हार/लिब/खालच्या एखाद्या फाइलचा पत्ता द्या, आणि स्क्रिप्टच्या अगदी शेवटी ती फाइल तयार करा. शेवटीच करा. आधी केलीत आणि मध्ये वीज गेली तर अर्धवट बसलेला सर्व्हर पुन्हा प्रयत्न करणार नाही. मात्र स्क्रिप्ट दोनदा चालली तरी काही बिघडणार नाही अशी लिहावी लागेल.

त्याच स्क्रिप्टमध्ये ॲप्ट (डेबियनचं पॅकेजं बसवायचं साधन) वापरत असाल तर डीपीकेजी::लॉक::टाइमआउट=३०० हा पर्याय जोडा. बूट होताच ॲप्ट-डेलीचा टायमर कुलूप लावून बसतो आणि तुमची स्क्रिप्ट "कुड नॉट गेट लॉक" म्हणत पहिल्या सेकंदाला मरते. परीक्षेत हे सापडत नाही, कारण तुमच्या चाचणी मशीनवर अपडेट आधीच झालेले असतात.

बूट_लोडर

मान्य. खुणेची फाइलच बरी.

पुसण्याबद्दल आणखी एक राहिलं. फाइल डिलीट केली तरी तिचे ब्लॉक डिस्कवर तसेच असतात आणि क्यूकाउ२ सोबत तेही बाहेर जातात. आरएम आज्ञेने पुसलेली की साध्या स्ट्रिंग्ज आज्ञेने सापडू शकते. एक्स्पोर्टआधी हे मोकळे ब्लॉक काढायला व्हर्ट-स्पार्सिफाय --इन-प्लेस चालवा, किंवा डिस्कला डिस्कार्ड=अनमॅप देऊन आतून एफएसट्रिम करा आणि मग क्यूईएमयू-आयएमजी कन्व्हर्ट. शून्यं भरून मोठी फाइल बनवायची जुनी युक्तीही चालते, पण तेवढ्या वेळात बिल्ड मशीनवर पूर्ण ८ जीबी फुगवून ठेवावे लागतात.

सगळ्यात स्वच्छ मार्ग म्हणजे जुनी व्हीएम झाडूनपुसून परत परत न वापरणं. दर वेळी एमएमडेबस्ट्रॅपने रिकाम्या फोल्डरमध्ये डेबियन उतरवा, पॅकेजं बसवा आणि एमकेई२एफएस -डी ने त्या फोल्डरची थेट फाइलसिस्टम बनवा. पुसलेले ब्लॉक उरतच नाहीत. बूटलोडरची खटपट वाढते, ती नको असेल तर डेबॉस किंवा एमकेओएसआय ही इमेज बांधायची साधनं वापरा. एक मात्र: क्रूटमध्ये (त्या फोल्डरलाच रूट मानून) पॅकेजं बसवताना सेवा सुरू होऊ नयेत म्हणून /यूएसआर/एसबिन/पॉलिसी-आरसी.डी ही १०१ परत करणारी दोन ओळींची स्क्रिप्ट ठेवा, आणि शेवटी काढा. राहिली तर ग्राहकाकडे नवीन पॅकेज बसवल्यावर त्याची सेवा सुरू होत नाही आणि कारण कुणाला कळत नाही. ओपनएसएसएच-सर्व्हर हे पॅकेज एवढं करूनही बसतानाच होस्ट-की बनवतं, त्या शेवटी पुसायच्याच.

आज्ञावलीवाला

चौथा प्रश्न. इथेच सगळ्यात जास्त लोक अडकतात, कारण "नवी इमेज आली" हे वाचून माणसाला वाटतं आपला सर्व्हर अपडेट झाला. इमेज ही अपडेट नव्हे. जो मागच्या वर्षी उतरवून चालवतोय त्याच्यापर्यंत तुमच्या नव्या फाइलमधलं एक अक्षर पोचत नाही. त्याला अनअटेंडेड-अपग्रेड्स (आपोआप अपडेट बसवणारं पॅकेज) डेबियनची सुरक्षा पॅकेजं देत असेल, पण /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू मध्ये टारबॉलमधून ठेवलेलं नेक्स्टक्लाउड ॲप्टला ठाऊकच नाही. रिलीजच्या घोषणेत दोन वेगळे परिच्छेद हवेत: नव्याने बसवणाऱ्यांसाठी एक, आधीपासून चालवणाऱ्यांसाठी दुसरा.

आता तुमच्या प्रत्यक्ष उड्या. नेक्स्टक्लाउडमध्ये मुख्य आवृत्ती ओलांडून पुढे जाता येत नाही. २८ वाल्याला २९, मग ३०, मग ३१. नवी इमेज ३१ ची आहे म्हणून २८ चा डेटा तिच्यात आणून टाकला तर ओसीसी अपग्रेड सरळ नकार देतो. आणि डेबियन १३ मध्ये पीएचपी (नेक्स्टक्लाउड ज्या भाषेत लिहिलंय ती) ८.४ आहे, जी नेक्स्टक्लाउड ३१ पासून चालते. २९ किंवा ३० डेबियन १३ वर चढवून तिथे पायऱ्या चढू म्हणाल तर तेही नाही.

सुदैवाने डेबियन १२ मधली पीएचपी ८.२ या चारही आवृत्त्यांना चालते. म्हणून क्रम असा ठेवा: जुन्याच सर्व्हरवर २८ वरून ३१ पर्यंत एकेक पायरी, दर पायरीला बॅकअप आणि लॉगिन करून खात्री. ३१ वर स्थिरावल्यावर नवी इमेज शेजारी उभी करायची आणि डेटा हलवायचा:

जुन्यावर ओसीसी मेंटेनन्स:मोड --ऑन. मारियाडीबी-डंप --सिंगल-ट्रान्झॅक्शन ने डेटाबेस. आरसिंकने डेटा, कॉन्फिग आणि वेगळी बसवलेली ॲप्स. नव्यावर डंप भरा, कॉन्फिगमधला डेटाबेसचा पासवर्ड नव्या सर्व्हरचा करा, ओसीसी अपग्रेड, मग डीबी:ॲड-मिसिंग-इंडायसेस, शेवटी मेंटेनन्स ऑफ. नव्याची दुरुस्ती-आवृत्ती जुन्याइतकी किंवा पुढची हवी. मागे जाता येत नाही. फायलींची मालकी बिघडत नाही, कारण डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा या वेब सर्व्हरच्या वापरकर्त्याचा यूआयडी (क्रमांक) डेबियनमध्ये ठरलेला ३३ आहे. डेटाबेसचं /व्हार/लिब/मायएसक्यूएल फोल्डर मात्र तसंच उचलून ठेवू नका, १२ मधलं मारियाडीबी १०.११ आणि १३ मधलं ११.८, शिवाय तिथला यूआयडी दर मशीनवर वेगळा असू शकतो. डंपच घ्या.

इन्स्टन्सआयडी जुनाच राहिला पाहिजे. डेटा फोल्डरमधलं ॲपडेटा_ ने सुरू होणारं फोल्डर त्याच नावाचं असतं. नवा आयडी राहिला तर प्रीव्ह्यू आणि ॲपचा डेटा सगळा अनाथ.

डेबियन १३ ने घातलेल्या आणखी काही अडचणी, इमेज बांधतानाच्या:

- /टीएमपी आता मुळातच रॅममध्ये असतं, मेमरीच्या ५० टक्क्यांपर्यंत. तुमच्या २ जीबीच्या मशीनवर १ जीबी. पीएचपी आणि नेक्स्टक्लाउड तात्पुरत्या फायली तिथेच टाकतात. टीएमपी.माउंट मास्क करा किंवा कॉन्फिगमध्ये टेम्पडिरेक्टरी आणि पीएचपीत अपलोड_टीएमपी_डीआयआर डिस्कवर न्या.
- एनजिनएक्स वेब सर्व्हरमध्ये पीएचपी८.२-एफपीएम.सॉक असा पत्ता लिहिला असेल तर ५०२ ही एरर मिळणार. मेमरी_लिमिट ५१२ केलेलं तेही /ईटीसी/पीएचपी/८.२ मध्येच राहतं, ८.४ मध्ये पुन्हा १२८.
- ॲप्ट-की ही आज्ञा उरलेली नाही. बिल्ड स्क्रिप्टमध्ये बाहेरची रिपॉझिटरी तशी जोडत असाल तर की /ईटीसी/ॲप्ट/कीरिंग्ज मध्ये ठेवून साइन्ड-बाय लिहा.

जोडणीकर

धन्यवाद सगळ्यांना. जुन्या इमेजच्या दोन प्रती उभ्या करून शेजारी शेजारी पाहिल्या. होस्ट-की सारख्या, डेटाबेस पासवर्ड सारखा, आणि कॉन्फिगमधलं सीक्रेटही अक्षरन् अक्षर तेच. नव्या इमेजमध्ये सुधारू, पण वर सांगितलेल्या पद्धतीने डेटा हलवला तर जुनं कॉन्फिग सोबत येणार, म्हणजे तेच सीक्रेट नव्या सर्व्हरवर. बरोबर समजतोय ना?

नीरा_काठ

बरोबर समजताय. इमेज सुधारली तरी हलवाहलवीत पहिले पाढे पंचावन्न.

होस्ट-की आणि डेटाबेस पासवर्ड बदलणं सोपं आहे. की नव्या बनवा, सेवा रीस्टार्ट करा. जोडणाऱ्याच्या संगणकावर "होस्ट ओळख बदलली" असा दणदणीत इशारा येईल, तो येणारच आहे हे आधी लिहून ठेवा आणि नवा फिंगरप्रिंट कन्सोलवर कसा बघायचा तेही. पासवर्ड डेटाबेसमध्ये आणि कॉन्फिगमध्ये दोन्हीकडे.

सीक्रेट बदलण्याची किंमत आहे. मोबाइल आणि डेस्कटॉप ॲपची टोकनं त्याच्याशी बांधलेली असतात, ती सगळी निकामी होतात आणि प्रत्येकाला पुन्हा लॉगिन करावं लागतं. बाह्य स्टोरेजचे साठवलेले पासवर्ड त्याच सीक्रेटने एन्क्रिप्ट केलेले असतात, ते पुन्हा भरायचे. टीओटीपीवालं (ठरावीक वेळाने बदलणाऱ्या कोडचं) दुहेरी लॉगिन लावलेल्यांचा कोड चालणार नाही, म्हणून आधी ओसीसी टूफॅक्टरऑथ:डिसेबल, मग बदल, मग नव्याने नोंदणी. ॲडमिनचं स्वतःचं टीओटीपी सगळ्यात आधी काढा. नाहीतर तोच बाहेर अडकतो. पासवर्डसॉल्टला हात लावू नका.

शाळेच्या दृष्टीने हे शनिवारी दुपारचं काम आहे. स्थलांतराच्याच दिवशी करा, एकदाच काय ती गैरसोय.

आणि घोषणेत लपवू नका. "सुरक्षा सुधारणा" असं गुळमुळीत लिहिलं तर कुणी काही करणार नाही. कोणत्या तारखांच्या इमेजमध्ये काय सारखं होतं, कोणाला धोका (इंटरनेटवर उघडा सर्व्हर आधी, फक्त ऑफिसच्या आतला नंतर), काय करायचं, या क्रमाने लिहा.

तिसरी_घंटा

दुसरा आणि तिसरा प्रश्न माझ्याकडे.

चेकसम बिघडण्याचं मूळ "त्याच नावाने चढवतो" या तीन शब्दांत आहे. कुणाचं डाउनलोड ६० टक्क्यांवर तुटतं, तोवर तुम्ही फाइल बदलता, तो डब्ल्यूगेट -सी ने पुढे सुरू करतो. आधीचे ६० टक्के जुन्या इमेजचे, उरलेले नव्याचे. आकार पाहून काही कळत नाही, चेकसम अर्थातच जुळत नाही. शिवाय मध्ये सीडीएन (फायलींच्या प्रती साठवून देणारं सर्व्हरांचं जाळं) असेल तर चेकसमची चिमुकली फाइल जुनी आणि इमेज नवी असंही काही तास चालतं. म्हणून दुसऱ्या दिवशी आपोआप थांबतं.

एकदा बाहेर गेलेलं नाव पुन्हा वापरायचं नाही. नावात तारीख आणि क्रमांक घाला, उदाहरणार्थ शेवटी २०२५१०१८-१. चुकीची निघाली तर -२ काढा, -१ तिथून उचला, त्याच फाइलीत बदल करू नका. चढवण्याचा क्रम: आधी इमेज, ती सर्व्हरवरून परत उतरवून चेकसम पडताळा, मग एसएचए२५६सम्स, मग तिची जीपीजी (डिजिटल) सही, आणि "ताजी" असा दाखवणारा दुवा सगळ्यात शेवटी वळवा. चेकसमच्या फाइलला सीडीएनवर कॅशचा वेळ ५ मिनिटं पुरे.

नुसता चेकसम त्याच सर्व्हरवर ठेवून छेडछाड कळत नाही. जो इमेज बदलू शकतो तो शेजारची फाइलही बदलू शकतो. तुटकं डाउनलोड पकडण्यापुरता तो ठीक. बाकीचं काम सहीचं, आणि सहीची की बिल्ड मशीनवर पडून राहू देऊ नका.

व्हर्च्युअलबॉक्सचं दुखणं नेटवर्क कार्डाच्या नावात असणार. प्रॉक्समॉक्सवर ते ईएनएस१८ दिसतं, व्हर्च्युअलबॉक्सवर ईएनपी०एस३, व्हीएमवेअरवर बहुधा ईएनएस१९२, एलएक्ससी कंटेनरमध्ये ईटीएच०. तुमच्या नेटवर्कडीच्या फाइलमध्ये मॅचखाली ईएनएस१८ लिहिलेलं सापडेल. तिथे नेमसमोर "ईएन* ईटीएच*" लिहा. बरोबरीने इनिटरॅमएफएसच्या (बूटच्या सुरुवातीच्या छोट्या फाइलसिस्टमच्या) कॉन्फिगमध्ये मॉड्यूल्स=मोस्ट आहे ना पाहा. डेप असेल तर केव्हीएमवर (प्रॉक्समॉक्सच्या आतल्या, व्हीएम चालवणाऱ्या हायपरव्हायजरवर) बांधलेल्या इनिटरॅमएफएसमध्ये तिथलेच डिस्क ड्रायव्हर जातात आणि दुसऱ्या हायपरव्हायजरवर मूळ डिस्कच सापडत नाही.

ओव्हीए (व्हर्च्युअलबॉक्स, व्हीएमवेअरमध्ये आयात होणारी फाइल) द्यायची असेल तर डिस्क स्ट्रीमऑप्टिमाइज्ड व्हीएमडीके हवी, आणि ओव्हीए ही साधी टार फाइल असली तरी आत ओव्हीएफ (व्हीएमचं वर्णन) पहिल्या क्रमांकावरच पाहिजे. हाताने ओव्हीएफमध्ये रॅमचा आकडा बदललात तर एमएफ फाइलमधला हॅश नव्याने काढा, नाहीतर आयात अडते. तिघांची टीम आहे तर क्यूकाउ२ आणि ओव्हीए, बस. सहा फॉरमॅट जाहीर करून दोनच तपासले की एक ना धड भाराभर चिंध्या.

आज्ञावलीवाला

ओव्हीएबरोबर डिस्कची रचनाही बघा. रूट पार्टिशन डिस्कवर शेवटचं हवं. मागे स्वॅप असेल तर ग्राहकाने डिस्क ८ वरून १०० जीबी केली तरी पार्टिशन वाढवणाऱ्या ग्रोपार्टला वाढायला जागाच नसते. स्वॅपची फाइल करा.

तिसरी_घंटा

पाचवा प्रश्न राहिला. डेबियनच्या स्थिर आवृत्तीचं पॉइंट रिलीज (जमलेल्या दुरुस्त्यांचा संच) साधारण दोन महिन्यांनी येतं, त्याच्या मागोमाग तुमची इमेज, हा पाया धरा. नेक्स्टक्लाउडच्या दुरुस्त्या मधल्या मधे येतात, त्या चालत्या सर्व्हरवर जातील.

मधेच तातडीने काढायची कधी, याची माझी कसोटी एकच: पहिलं बूट आणि पहिलं अपडेट यांच्या मधल्या वेळात बाहेरून कुणी आत येऊ शकतो का? येऊ शकत असेल तर वाट पाहू नये. २०२४ चं उदाहरण घ्या. डेबियन १२.६ आलं २९ जूनला. १ जुलैला ओपनएसएसएचमधली सीव्हीई-२०२४-६३८७ ही सुरक्षेची चूक जाहीर झाली, लॉगिन न करता नेटवर्कवरून गाठता येणारी. १२.६ वर बांधलेली इमेज दोन दिवसांत शिळी. १२.७ आलं ३१ ऑगस्टला. तोवर थांबणं म्हणजे वरातीमागून घोडं. दुरुस्त पॅकेज ९.२पी१-२+डेब१२यू३ होतं, तेवढं घेऊन नवा क्रमांक काढायचा. डेबियन ११ च्या इमेजना तेव्हा हात लावायची गरज नव्हती, तिथलं ८.४पी१ त्या चुकीच्या कक्षेतच नव्हतं. म्हणून प्रत्येक इमेजसोबत डीपीकेजी-क्वेरी -डब्ल्यू ची यादी साध्या फाइलमध्ये ठेवा. बातमी आली की पाच मिनिटांत कळतं, कोणती इमेज अडकली.

त्याच महिन्यात कर्नलमध्ये किंवा एखाद्या लायब्ररीत आतल्या वापरकर्त्यालाच वापरता येईल अशी चूक निघाली तर ती अनअटेंडेड-अपग्रेड्सवर सोडा.

जोडणीकर

शेवटचं. रिलीजआधीची चाचणी किमान किती? दर वेळी पूर्ण दिवस घालवणं जमत नाही.

बूट_लोडर

अर्ध्या तासाची पुरते, पण दर वेळी तीच. एकाच फाइलच्या दोन प्रती, १ जीबी रॅम, डिस्क २० जीबीने वाढवलेली. दोन्हींचा मशीन-आयडी, होस्ट-कीचे फिंगरप्रिंट, सर्टिफिकेटचा सीरियल आणि कॉन्फिगमधलं सीक्रेट डिफला (फरक दाखवणाऱ्या आज्ञेला) द्या. काहीही सारखं निघालं तर रिलीज थांबवा. रूट पार्टिशन वाढलं का बघा. तिसरी प्रत नेटवर्कची वायर काढून बूट करा. वेट-ऑनलाइन (नेटवर्कची वाट पाहणारी सेवा) १२० सेकंद थांबतो, त्यानंतर लॉगिनचा प्रॉम्प्ट यायला हवा आणि पुढच्या बूटला वायर लावल्यावर पहिल्या बूटचं उरलेलं काम पूर्ण व्हायला हवं. चौथी प्रत न बूट करता गेस्टफिशने फक्त वाचण्यासाठी उघडा आणि तुमचे तिघांचे ईमेल पत्ते आत कुठे सापडतात का ते ग्रेप आज्ञेने शोधा.